सात लाल फुल्या

यादीत त्रेचाळीस फायली होत्या. छत्तीस लागत होत्या. शेवटच्या सातांपुढं लाल फुली होती आणि नावाच्या जागी नुसते आकडे.

सुकन्यानं पुन्हा वरपासून खालपर्यंत मोजलं. आकडा तोच आला.

"या सात कशाच्या आहेत, काकू?"

"पाव्हण्यांचं शूटिंग हाय," भागूबाई म्हणाल्या. "घरी येऊन गेलेल्या पाव्हण्यांचं. यादीत दिसतं, पन लागत न्हाई."

भागूबाईंचा मुलगा अंगद अमेरिकेत होता. मागच्या वर्षी सोनईला आला तेव्हा त्यानं हा कॉम्प्युटर घेऊन दिला. घरातल्या लग्नांच्या, बारशांच्या कॅसेटी त्यात उतरवल्या आणि त्या लावायला स्वतः एक प्रोग्राम लिहून ठेवला. डिस्कवर नवं शूटिंग आलं की प्रोग्राम ते आपोआप यादीत घेई. जागेवरून हललं की लाल फुली मारी.

सुकन्याचे डोळे चुरचुरत होते. नगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सकाळपासून दोन बॅचेस घेऊन, घोडेगावपर्यंत एसटीत उभी राहून ती सोनईला आली होती. पण आसाराममामानं सांगितलेलं काम होतं. "गोरक्षनाथ माझा जुना दोस्त हाय. तेवढा त्याचा कॉम्प्युटर बघून दे," तो म्हणाला होता. मामाला ती नाही म्हणू शकत नसे.

दोन वर्षांत ती नऊ वेळा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली होती. नऊ वेळा तिची उंची, रंग आणि पगार विचारला गेला होता. दिवाळीत तिनं सांगून टाकलं, यापुढं कुणापुढं बसायचं नाही. आई रडली. वडील जेवले नाहीत. एकटा मामा म्हणाला होता, "पोरगी खरं बोलती. घोडेगावच्या बाजारात बैल बघत्यात तसं काय लावलंय!" तेव्हापासून घरात तो विषय निघाला नव्हता.

"खिडकीकडं सरक गं. अंधारात डोळं जातील," भागूबाईंनी खुर्ची ओढली.

मॉनिटरवर चेंडूएवढा कॅमेरा बसवलेला होता. त्याच्या बारीक दिव्यावर कुणीतरी लाल टिकली चिकटवली होती.

"हे काय?"

"नजर लागू नये म्हनून." भागूबाई हसल्या. "अंगदनं धाडलाय. त्याला फोटू पाठवायला. सध्या बंदच हाय."

सुकन्याही हसली. मग तिनं डिस्क पाहिली. मोकळी जागा तीनशे बारा मेगाबाईट. मशीन रखडत होतं. चार फायली उघडायलासुद्धा श्वास लागल्यासारखं करत होतं.

"काय करतीस ते मोठ्यानं सांग. मला बी कळंल."

"प्रोग्रामला वाटतं फायली जुन्याच जागी आहेत. कुणीतरी त्या हलवल्यात. आता सगळी डिस्क धुंडाळायची."

"सगळी?" भागूबाई थबकल्या. "एवढं खोलात कशाला जातीस? तुझ्याआधी सात जनांनी डोकं लावलं. जमलं न्हाई. च्या पिऊन गेली बिचारी."

"मला जमेल, काकू."

"व्हय, दिसतंयच." त्यांनी तिच्याकडं जरा टक लावून पाहिलं. "उकडतंय का? तेवढा पंखा लाव. बटन त्या तिकडच्या भिंतीला हाय."

सुकन्या उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पंखा लावून परत आली. भागूबाई चहा टाकायला आत गेल्या.

ओसरीवर मामा आणि भागूबाईंचे यजमान गोरक्षनाथ बोलत बसले होते. मामाचा आवाज आला, "एकदा कामाला बसली का उठायची न्हाई बघा आमची पोरगी."

"दिसतंय की," गोरक्षनाथ म्हणाले.

तिनं लपवलेल्या फायलीही दाखव, असं मशीनला सांगितलं. शोध सुरू झाला. तो संपायची वाट पाहताना तिनं सवयीनं डिस्क पुन्हा तपासली. मोकळी जागा दोनशे एकाहत्तर. तिनं एकही फाइल उतरवून घेतली नव्हती.

शोध थांबला. ‘युरिया’ नावाचं एक फोल्डर निघालं. गोरक्षनाथांच्या खताच्या दुकानाचा हिशोब असेल, म्हणून ती पुढं जाणार होती. पण युरियाच्या हिशोबाला सहाशे मेगाबाईट कशाला लागतील?

तिनं ते उघडलं आणि पहिली फाइल लावली.

खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. पिवळा ड्रेस, दोन वेण्या. नजर समोर, काहीतरी शोधत असल्यासारखी. मागच्या भिंतीवर खत कंपनीचं कॅलेंडर. सुकन्यानं मागं वळून पाहिलं. कॅलेंडर तिथंच होतं.

"मोठ्यानं सांग पोरी, मला बी कळंल," स्पीकरमधून भागूबाईंचा आवाज आला. तिनं आवाज कमी केला. मुलगी उठली, पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेली, पंखा लावून परत आली.

सुकन्यानं फाइल शेवटाकडं ओढली. खुर्ची रिकामी होती. भागूबाईंचा चेहरा कॅमेऱ्याला जवळजवळ टेकला होता.

"अंगदा, ही राहुरीची. चालती नीट. पन मशीनमधलं काय कळत न्हाई. तू म्हनशील तसं."

पाचवी फाइल लावली. दुसरी मुलगी, तीच खुर्ची.

आत कपबशा वाजल्या. सुकन्यानं हात वर नेला आणि कॅमेऱ्यावरची टिकली नखानं काढली. खाली हिरवा दिवा जळत होता.

हरवलेल्या फायली सात होत्या. फोल्डरमध्ये आठ होत्या. आठवी उघडेना. तिनं तिचा आकार पाहिला. चौसष्ट मेगाबाईट. मनात वीसपर्यंत मोजलं आणि पुन्हा पाहिला.

पासष्ट.