राखण

काळ्या खडकावर पाय टेकताच धनराजआप्पांनी वाकून एक दगड उचलला. टूर मॅनेजर किशोरने तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि जागच्या जागी ठेवला.

"आप्पा, इथून काही न्यायचं नाही. सकाळी बोटीवर सांगितलं होतं ना?"

"न्यायचा कशाला? आमच्या विहिरीत असलाच निघतो," आप्पा म्हणाले. "एवढ्या लांब आलो, अन् दगड दिंडोरीचाच!"

नाशिकहून गॅलापागोस बेटांवर आलेला सगळा गट हसला. बेटावरची गाईड पुढे उभी राहून इंग्रजीत बोलत होती आणि किशोर तिचं बोलणं मराठीत सांगत होता. ही बेटं ज्वालामुखीतून वर आली. मुख्य भूमीपासून फार दूर. इथल्या प्राण्यांना माणूस फार उशिरा भेटला, म्हणून त्यांना त्याची भीती ठाऊक नाही. ते आपण होऊन जवळ येतील. त्यांना हात लावायचा नाही, ओरडायचं नाही आणि वाट सोडायची नाही.

आप्पांचं अर्धं लक्ष त्याच्याकडे होतं, अर्धं पुढे चालणाऱ्या अंजलीकडे. उद्या परतीचा प्रवास सुरू होणार होता. लेकीकडून आज होकार घ्यायचा, हे त्यांनी सकाळीच मनाशी पक्कं केलं होतं. अंजली नाशिकला राहायची, दिंडोरीपासून हाकेच्या अंतरावर. पण तिची सृष्टी नऊ वर्षांची झाली तरी आजोबांच्या द्राक्षाच्या मळ्यात एक रात्र राहिली नव्हती. सणावाराला मायलेकी येत, जेवत आणि दिवेलागणीच्या आत निघत. निळ्या पायांचा पक्षी पाहण्याचा सृष्टीचा हट्ट आप्पांनी एवढ्या हौसेने पुरवला, त्यामागे हेही एक कारण होतं.

त्यांनी पाऊल उचलून तिला गाठलं.

"अंजू, मे महिन्यात पोरीला आठ दिस धाड की. बांधावरचा आंबा आता लय धरतो."

"बघू, आप्पा."

"दर साली बघूच म्हणती. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं मला."

"सुट्टीत तिचे क्लास असतात."

"जगाच्या ह्या टोकाला आली माझ्यासंगं, अन् दिंडोरीला यायला क्लास आडवा येतो व्हय?"

अंजली थोडा वेळ खाली बघून चालत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "इथे वीस माणसं आहेत, आप्पा."

"मग मळ्यात का माणसांचा तोटा हाय? गडी हायेत, शेजार हाय. तिला एकटं वाटायचं नाय."

आप्पांनी तिच्या गप्प राहण्याला अर्धा होकार मानलं आणि त्यांची चाल हलकी झाली.

वाटेच्या कडेला एका सपाट खडकावर सृष्टी टेकली होती. तिच्याजवळ पोहोचतात तोच साळुंकीएवढा एक करडा, लांब शेपटीचा पक्षी झुडपातून उतरला, टुणटुण उड्या मारत आला आणि तिच्या बुटाच्या नाडीवर त्याने चोच मारली. सृष्टीने श्वास रोखला. आनंदाने तिचे डोळे मोठे झाले.

"हुऽऽऽर्र!"

आप्पांचा उजवा हात खांद्यावरून मागे जाऊन वर उठला होता आणि ते एक ढांग पुढे आले होते. त्या आवाजाने दिंडोरीच्या शिवारातले बुलबुल या बागेतून त्या बागेत गेले असते. खडकावर ऊन खात पडलेल्या एका समुद्रसिंहाने डोकं उचललं आणि पुन्हा टेकवलं. करड्या पक्ष्याने मान तिरकी करून आप्पांकडे पाहिलं आणि नाडी ओढणं चालू ठेवलं.

"आप्पा! ओरडायचं नाही म्हटलं ना!" किशोर धावत आला.

"आप्पा, तुमची द्राक्षं नाहीत इथे!" मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला.

आप्पाही हसले. पक्ष्याच्या धीटपणाचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. "जलमभर बागेची राखण केली, बाबा. पाखरू दिसलं का हात आपसूक वर जातो." हात तसाच वर धरून हसत हसत ते लेकीकडे वळले. "सवय काय जात नाय बघ, अंजू…"



अंजली सृष्टीच्या आणि त्यांच्या मध्ये उभी होती. ती तिथे कधी आली, हे कुणी पाहिलं नव्हतं. उजव्या हाताने तिने मुलीला पाठीशी दाबून धरलं होतं. डावा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर घेतला होता, मान खांद्यात ओढली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

हशा ओसरला. अंजलीने डोळे उघडले. चेहऱ्यासमोरचा हात तिने खाली आणला आणि जाता जाता कपाळावरची बट मागे सारली, जणू तो त्यासाठीच वर गेला होता.

"हो," ती म्हणाली. "माझीही गेली नाही."

तिच्या कमरेआडून सृष्टी डोकावली. तिने आधी आजोबांच्या हाताकडे पाहिलं, मग पक्ष्याकडे, मग पुन्हा हाताकडे.

आप्पांचा हात अजून वरच होता. कुणी दचकणार नाही अशा रीतीने तो खाली कसा आणावा, हे त्यांना उमगेना.