वीस मिनिटांची नदी

"मास्तर, पुढं बसा. आज वारा आहे, मागं पाणी उडेल."

मास्तर पुढेच बसणार होते. सात वर्षं त्यांची फळी ठरलेली होती. सकाळच्या पहिल्या फेरीला ते आणि नावाडी, दोघंच असत. त्यांनी चपला काढल्या, कागदांची पिशवी मांडीवर घेतली. ही पिशवी बघूनच नावाड्याने पहिल्या दिवशी त्यांना मास्तर म्हटलं होतं, आणि तेच नाव चिकटलं.

अलीकडे घर, पलीकडे काम आणि मध्ये ही वीस मिनिटं. घरी कटकट, कामावर कटकट. पाण्यावर मात्र कुणी काही मागायला येत नसे. मधल्या धारेत आले की मास्तर असे काही खुलत, की बायकोने पाहिलं असतं तर सवत समजून होडीच जाळली असती.

"पोरांचे पेपर वाटतं?" नावाड्याने मानेनेच पिशवीकडे खूण केली.

"तपासायचेत."

"पास करून टाका बिचाऱ्यांना!"

मास्तर नुसते हसले.

पुढे पुलाचे दोन खांब आले. तीन वर्षांपासून त्यांच्यावर फक्त पक्षी बसत होते. नावाड्याने वल्ही सोडली आणि उजवा खांदा दाबून धरला.

"फार दुखतोय?"

"डॉक्टर म्हणतो, अजून एक वर्ष वल्हवलंस तर हात कायमचा गेला समज. नात दोन वर्षांची झाली, मास्तर. अजून एकदाही कडेवर घेतलेली नाही."

"मग सोडून द्या ना हे काम."

"आणि पेशंट कोण नेणार पलीकडं? बाळंतिणी? दुसरं कुणी वल्ह्याला हात लावायला तयार नाही. पूल झाला की मी सुटलो. तिथं चौकीदार म्हणून घेणार आहेत मला, नुसतं खुर्चीत बसायचं! पण वरचे हलतील तर शपथ."

"सरकारी काम. वेळ लागतोच."

मास्तरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी उठून एक वल्हं स्वतःकडे घेतलं. होडी जागच्या जागी गोल फिरली, तसे दोघंही पोट धरून हसले. शेवटी कसेबसे काठाला लागले.

"तुमच्या वर्गातली पोरं नशीबवान," नावाडी म्हणाला.

मास्तर चढण चढून कचेरीत आले. शिपायाने उठून दार उघडलं. टेबलाशी बसून त्यांनी पिशवीतून पुलाचे नकाशे काढले आणि चष्मा लावून एकेक रेघ पाहिली. कुठेही चूक नव्हती. मागच्या पाचही वेळा नव्हती. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि समासात सावकाश शेरा लिहिला: 'फेरतपासणीसाठी परत.'