सरांसाठी सापळा

"अँटीव्हायरस नवशिक्यांसाठी असतो. अनुभवी माणूस भलत्या मेलवर क्लिकच करत नाही," बेळ्ळंदूरच्या ऑफिसात श्रीरंगसर सगळ्यांसमोर म्हणाले. मग सुरक्षा चाचणीच्या बनावट मेलला फसलेल्या अंजलीकडे त्यांनी बोट दाखवलं. "हिला मात्र दोन-दोन टाकून द्या!" सगळे हसले.

ऑफिसची रीत अशी, की फसलेल्यानं पुढच्या चाचणीत साहेबांसाठी बनावट मेल लिहायची. अंजलीनं लिहिली. सरांनी ती आल्या आल्या उघडली, आतल्या फाइलवर क्लिक केलं आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर फसलेला म्हणून त्यांचं नाव झळकलं.

"काय गं, बोनसचं आमिष दाखवलंस?" शेजारच्या भार्गवीनं विचारलं.

"छे. मेलचा विषय होता, 'अंजलीचा राजीनामा'."