केक आणि हीटर

आंबा घाटाच्या मधल्या चढावर गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मृणालने ही छोटी एसयूव्ही नुकतीच सेकंडहँड घेतली होती, आणि मागच्या सीटवर तिच्या बेकरीचा पहिलावहिला तीन मजली लग्नाचा केक होता.

"आई, मेकॅनिक म्हणाला होता, वॉटर पंप जुना झालाय; इंजिन तापलं की आतला हीटर लावायचा. उष्णता ओढून घेतो."

"आणि केक?" शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

तेवढ्यात मागून आइस्क्रीमचा टेम्पो आला. सासूबाई पदर खोचून रस्त्यातच उभ्या राहिल्या. "दादा, वरच्या लग्नाला जायचंय. मला आणि या केकला न्या!"

केक आणि सासूबाईंना घेऊन टेम्पो निघून गेल्यावर मृणालने काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. घामाने डोळे चुरचुरले, पण काटा हळूहळू उतरू लागला. शेवटच्या वळणावर ती एकटीच ओरडली, "चल गं राणी!"

मांडवाशी पोचली, तर केक टेबलावर ताठ उभा! सासूबाई धावतच आल्या. "अगं, दोघांनी बारशाचे केक सांगितलेत. मी हो म्हणून टाकलं!"

निथळत्या अंगानेच मृणालने त्यांना मिठी मारली. "देऊ की पोचवून! फक्त आधी गाडीचा वॉटर पंप बदलूया."