चेंडूची ऊब

"बाबा, चेंडू बाकावर ठेवलात? गार पडला ना तो!" मुलगा चारचौघांत खेकसला.

जर्मनीतल्या त्याच्या क्लबात मिनी गोल्फचंही सोवळं होतं. गार चेंडू नीट उसळत नाही, म्हणून दिगंबररावांनी तो मुठीत उबेला धरून बसायचं. बोटं बधिर झाली, तेव्हा हात चोळायला त्यांनी तो क्षणभर खाली ठेवला, एवढंच.

मुलाच्या लहानपणी महाबळेश्वरला एकाच कळकट चेंडूवर दोघं अख्खी दुपार हाच खेळ खेळायचे. अडथळा म्हणून ठेवलेल्या इवल्या पवनचक्कीतून चेंडू पार झाला की पोरगा नाचायचा, आणि हात गारठले की बापाच्या कोटात खुपसायचा.

"थंडी वाजतेय रे फार," ते पुटपुटले.

"थांबा जरा." मुलाने आपल्या कोटाची चेन उघडली, चेंडू छातीशी ठेवला आणि चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतली.