बिनरंगाचं अंडं

“वा! हे लाल अंडं झकास जमलंय!” सासऱ्यांनी निळं अंडं उचलून धरलं. दोघे नातू फिस्सकन हसले. मी डोळे वटारले, पण व्हायचं ते होऊन गेलं. सासऱ्यांनी चाचपडत अंडं ताटलीत ठेवलं आणि भिंतीला हात लावत ते पडवीतल्या बाकावर जाऊन बसले. दिसेनासं झाल्याचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. दर ईस्टरला पोरांनी रंगवलेल्या अंड्यांतून पहिला नंबर काढायचा मान त्यांचाच असे.

धाकटी नात जेसिंता मात्र हसली नव्हती. तिने एक उकडलेलं अंडं घेतलं, त्याला डिंक फासला आणि माझ्या डब्यांतली मोहरी, तांदूळ चिकटवत बसली. “अगं, सांडतेस किती!” मी ओरडले. तिने मानही वर केली नाही.

डिंक वाळल्यावर तिने ते अंडं आजोबांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांची बोटं सावकाश फिरू लागली. “ही मोहरीची वेल... आणि हा तांदळाचा क्रूस, होय ना?” त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच कसनुसा झाला. “रंगही... रंगही सुरेख दिलास हो.”

“रंग दिलाच नाही, आजोबा. हे बोटांनी बघायचं आहे.”

त्यांनी अंडं अलगद मांडीवर ठेवलं. मग बाकावर जरा सरकून त्यांनी तिला जागा केली.

“जा, ती ताटली घेऊन ये,” ते म्हणाले. “आणि एकेका अंड्याचा रंग मला सांग. नंबर काढायचाय ना!”