मोगऱ्याचं माप

विनतानं तेलाच्या पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं. मोगऱ्याचा वास एकदम डोक्यातच गेला.

"आई, ह्यात कोणी काही टाकलं का?"

सासूबाई, सत्यवतीबाई, मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच टाकलं काल, बाटल्या भरायच्या आधी. मागच्या वेळी दुकानदार म्हणे ना, खुशबू कम है. तू जेवढं मोजून टाकलं होतं, तेवढंच अजून ओतलं."

साठ बाटल्या होत्या. उद्या भेडाघाटला एका लग्नाची हळद होती. नवरीच्या आणि पाहुण्या बायकांच्या अंगाला हेच तेल लागणार होतं. अकरा वाजता बड्या फुहाऱ्याच्या बाजारातला तो दुकानदार, शालिग्राम, इथे अधारतालला घरी माल न्यायला येणार होता.

"थोडं जास्त झालं तर काहून एवढी घाबरून राहिली?"

"घाबरत नाही, आई." विनतानं सुगंधाच्या डब्यासोबत आलेला कागद काढला. "साबण धुऊन जाते, त्यात शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम सुगंध चालते. हे अंगावर राहते. ह्यात एकच. त्याच्यावर गेलं की कातडी पेटते."

तिनं साठही बाटल्या पातेल्यात रिकाम्या केल्या. पुढच्या ऑर्डरसाठी ठेवलेला तिळाच्या तेलाचा डबा फोडला, काट्यावर वजन केलं, आणि होतं तेवढंच साधं तेल त्यात ओतून ढवळलं. सत्यवतीबाई मटार बाजूला सारून उठल्या. त्यांनी गाळणी धरली आणि दोघींनी साठ बाटल्या परत भरल्या.

शालिग्राम आला. त्यानं एक बाटली उघडून हुंगली.

"दीदी, ये तो फिर वही हल्की. पार्टी बड़ी है, थोड़ा तेज़ कर दो. किसको पता चलेगा?"

"जो लगाएगा, उसको."

"फिर मैं दूसरी जगह से ले लूँगा."

"ले लीजिए, भैया," विनता म्हणाली, आणि उरलेली झाकणं लावू लागली.

शालिग्रामनं हातातली बाटली पुन्हा हुंगली.

तेवढ्यात सत्यवतीबाई पुढे आल्या. त्यांनी पदर सारून डावा हात त्याच्यासमोर धरला. कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक चट्टा उठला होता. विनताही तो आत्ताच पाहत होती.

"मराठी समजते ना तुले? काल संध्याकाळी मी ते तेजवालं लावून पाहिलं. रात्री हे उठलं, पण माझ्याच हातून चुकलं हे सुनेले सांगवलं नाही. ही माझी सत्तर वर्षं उन्हातान्हात राबलेली कातडी. अन् ते पोरगी उद्या नवरी होऊन राहिली."

विनतानं त्यांचा हात धरून त्यांना नळाकडे नेलं. मागे शालिग्रामनं हातातली बाटली पिशवीत ठेवली आणि दुसरी उचलली.